निगेटिव्ह आल्याची पंचाईत

चार अपंग माणसं एका ठिकाणी जमली की लोकांना वाटतं, आता इथं नुसते उसासे ऐकायला मिळणार. आमच्याकडं उसासे सोडून सगळं मिळतं. किस्से तर इतके साचतात की एक सांगायला घेतला की मागचे तीन धक्काबुक्की करतात. कोरोनात तर कहरच झाला. माझी आई तेव्हा रोज विचारायची, "तुमची ही हेल्पलाइन हाय का जत्रा?"

हेल्पलाइन म्हणजे माझा जुना मोबाईल. तो नांदेडला आमच्या घरी वाजायचा. मी अश्विनी, डाव्या पायानं अधू. कुबडी आणि बी.ए. या दोन आधारांवर चालते. सोबत देगलूर नाक्याचे सलीमभाई, जन्मापासून अंध, खुर्च्या विणण्यात उस्ताद. लातूरची प्रतीक्षा, तिला ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ वाचते आणि भांडणात माझ्या एक पाऊल पुढं असते. आणि आमच्या अपंग संघटनेचे अध्यक्ष नाना, रिटायर्ड हेडमास्तर. नानांचे डोळे, कान, हातपाय सगळं शाबूत आहे. बहुधा म्हणूनच ते अध्यक्ष!

कुठलाही प्रश्न आला की नानांचं उत्तर ठरलेलं. "सबुरीनं घ्या. आपण एक निवेदन देऊ."

मी म्हणायची, "नाना, माणूस उपाशी आहे."

"मग निवेदनात तसं स्पष्ट लिहू."

*

पहिला किस्सा रेशनच्या रांगेचा. दुकानासमोर चुन्याची वर्तुळं काढलेली. दोन माणसांत अंतर राहावं म्हणून एकेकानं एकेका वर्तुळात उभं राहायचं. सलीमभाई गेले तर दुकानदार ओरडला, "ओ भाई, वर्तुळात उभे राहा!"

"कोणत्या वर्तुळात?"

"ते काय, समोर दिसून राहिलं की!"

सलीमभाईंनी पांढरी काठी उघडली आणि स्वतःभोवती एकदा गोल फिरवली. पुढच्याच्या नडगीला बसली, मागच्याच्या घोट्याला बसली. दोघंही टुणकन लांब झाले. भाईंनी थोड्या वेळानं परत एक चक्कर फिरवली. पाहता पाहता अख्ख्या रांगेत इतकं अंतर पडलं, जे पोलीस उभा करूनही पडलं नव्हतं.

धान्य देताना दुकानदार हळूच म्हणाला, "भाई, उद्या पण या. तुमचं रेशन झालं, तरी या!"

*

पण त्या दिवसांत आमची खरी लढाई एकाच माणसासाठी चालू होती. भगवानभाऊ. लातूर जिल्ह्यात देवणीजवळच्या एका खेड्यातले. कडबा कापायच्या मशीनमध्ये काही वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही हात कोपरापासून गेले. जेवण, अंघोळ, कपडे, सगळं त्यांची बायको सुमनवहिनी करायची.

वहिनी पॉझिटिव्ह आल्या. गाडी आली आणि त्यांना कोविड सेंटरला घेऊन गेली. भाऊ निगेटिव्ह, म्हणून घरी. घरात दुसरं कुणी नाही. गाव इतकं घाबरलेलं की उंबऱ्याच्या आत पाय टाकायला कुणी तयार नाही. आता या माणसाला घास कोण भरवणार?

भाऊ नाकानं फोन लावतात. पहिल्या दुपारी त्यांचा फोन आला.

"ताई, शेजारणीनं डबा आणला बघा. उंबऱ्यावर ठिवला आन् पळाली."

"मग जेवलात का?"

"झाकण घट्ट हाय. डबा माझ्याकडं बघून राहिला, मी डब्याकडं."

आणि हसले. सरपंचांनी फोन उचलेपर्यंत मी त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्या दिवसापासून शेजारीण डब्याऐवजी परातीत काला करून ठेवू लागली. भाऊ वाकून तोंडानं खायचे.

मी म्हटलं, "भाऊ, जेवणाचं तर झालं."

"हाव ताई. खाणं सोपंय. त्याच्या पुढचं अवघड हाय."

तर आमची मागणी एवढीच होती: वहिनी परत येईपर्यंत भाऊंना सरकारनं एक मदतनीस द्यावा, नाहीतर त्यांना सेंटरमध्ये वहिनींजवळ राहू द्यावं. तिकडं वहिनींनी डॉक्टरला सांगूनच टाकलं होतं, "मदतनीस न्हाई मिळाला तर मी भिंतीवरून उडी मारून घरला जाईन. मग धरा मला!" अंगात ताप, छातीत कफ, आणि बाई भिंतीची उंची बघून ठेवत होती.

*

या मागणीसाठी नानांनी व्हिडिओ मीटिंग बोलावली. आयुष्यातली पहिली. स्क्रीनवर अर्धं कपाळ आणि वरचा पंखा. मी म्हटलं, "निवेदनं बास झाली, थेट कलेक्टर ऑफिसला फोन करून बसू." मग नाना बोलायला लागले. बोलता बोलता मोबाईल खाली झाला, अख्खा चेहरा दिसू लागला. हातवारे, तर्जनी, सगळं जोरात. आवाज मात्र शून्य. म्यूट!

सलीमभाई म्हणाले, "काय चाललंय? सगळे गेले का?"

मी ओरडून ओरडून सांगत होते, "नाना, म्यूट काढा!" पण नानांनी आपल्या मोबाईलवर आमचाही आवाज बंद करून ठेवला होता.

तेवढ्यात चॅटमध्ये प्रतीक्षाचे मेसेज पडायला लागले. मीटिंगमध्ये जिला एक अक्षर ऐकू येत नाही, तिला एकटीलाच नानांचं अख्खं भाषण समजत होतं! तिनं इमानदारीनं सगळं टाइप केलं.

"नाना म्हणतात, तरुणांनी संयम ठेवावा."

"नाना म्हणतात, शासन आपलं मायबाप आहे."

"नाना आतल्या खोलीकडं बघून म्हणतात, चहा टाक गं, ही अश्विनी काय लवकर गप्प बसत नसते."

*

ओठांवरून आठवलं. मास्क आले आणि प्रतीक्षाचं जगच बंद झालं. सगळ्यांचे ओठ कापडाआड! तेव्हा मी साडीच्या पाकिटाचं प्लास्टिक कापून मधोमध खिडकी असलेले मास्क शिवले. श्वास घेतला की खिडकीवर वाफ धरायची, बोलणं अर्धं दिसायचं आणि अर्धं धुक्यात जायचं. पण चालायचं.

भाऊंच्याच कामासाठी मी लातूरला गेले होते. मी आणि प्रतीक्षा दोघी खिडकीवाले मास्क लावून निघालो. चौकात हवालदारानं अडवलं.

"मास्क कुठंय?"

"हा काय."

"तोंड दिसून राहिलं की!"

"दिसावं म्हणूनच केलाय. हिला ऐकू येत नाही, ओठ वाचते."

त्याला ते पटेना. त्याला वाटलं, आपण हळू बोलतोय म्हणून हिला समजत नसेल. प्रतीक्षाजवळ आला, स्वतःचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि तोंड हे एवढं उघडून म्हणाला, "मास्क... नीट... लावा!"

प्रतीक्षानं ओठ वाचले. मान डोलावली. मग त्याच्या हनुवटीकडं बोट केलं, त्याच्या हातातल्या पावतीपुस्तकाकडं केलं आणि परत त्याच्याकडं केलं.

हवालदार म्हणाला, "जा बाई, जा तुम्ही!"

*

इकडं कलेक्टर ऑफिसातून उत्तर आलं: निगेटिव्ह माणसाला सेंटरमध्ये ठेवता येत नाही, आणि घरी मदतनीस पाठवायची तरतूद सापडत नाही. अपंगांचं नाव बदलून दिव्यांग करायला तरतूद सापडली होती, तेवढी मात्र बरोबर सापडली!

मी हे भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे मी पॉझिटिव्ह आलो, तर काम होतंय?"

"भाऊ, काहीतरी बोलू नका."

पण त्यांची दुसरी टेस्ट होतीच. ते आरोग्य केंद्रावर चालत गेले. दारात सॅनिटायझरची बाटली घेऊन बसलेला माणूस वर न बघता म्हणाला, "हात पुढं करा."

"न्हाईत."

"नाहीत कसे? नियम आहे. हात पुढं केल्याबिगर आत सोडता येत नाही."

भाऊंनी खांदा झटकून उपरणं बाजूला सारलं. त्या माणसानं वर बघितलं आणि बाटली घेऊन तसाच बसून राहिला. भाऊंनीच त्याची समजूत काढली. "घाबरू नगा. हात धुवा, हात धुवा म्हणून सगळी दुनिया वरडून राहिली. त्या हिशोबानं माझ्यासारखा सेफ माणूस अख्ख्या तालुक्यात न्हाई!"

आत टेस्ट झाली. नाकात काडी घातली. थोड्या वेळानं तपासणारी पोरगी खुशीत बाहेर आली. "अभिनंदन काका, निगेटिव्ह!"

भाऊंचा चेहरा पडला. म्हणाले, "बाई, परत एकदा नीट बघा की. कुठंतरी असंल!"

*

शेवटी मी, सलीमभाई आणि प्रतीक्षा, तिघांनी ठरवलं: त्या ऑफिसला रोज फोन, मेसेज, ईमेल, थांबायचंच नाही. फोन सलीमभाईंकडं. तेव्हा कुणालाही फोन लावला की आधी ती कोरोनाची टेप वाजायची: खोकला, मग एका बाईचा गोड सल्ला. दिवसभर ऐकून ऐकून भाईंना ती तोंडपाठ झाली. आवाज असा हुबेहूब काढायचे की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. मग मीही अनोळखी नंबरवरून फोन करून त्यांना छळायची आणि ते तीच टेप तोंडानं वाजवून माझ्यावर उलटवायचे.

एक दिवस नवीन नंबरवरून फोन आला. भाईंना वाटलं, मीच. उचलला आणि सुरू झाले. खोकला झाला, मास्क झाला, हात धुणं झालं. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकतोय. भाईंना चेव आला. त्याच गोड आवाजात पुढं जोडलं, "या ऑफिसातले साहेब सध्या झोपलेले आहेत. कृपया ते रिटायर झाल्यावर फोन करा."

पलीकडून एक जाड आवाज आला.

"मी साहेबच बोलतोय."

आमचे सलीमभाई त्याआधी कधी घाबरल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण तेही काही कमी नाहीत. म्हणाले, "साहब, उठलात का? बहुत अच्छा. तो भगवानभाऊ का काम..."

साहेब हसले की चिडले ते कळलं नाही. पण म्हणाले, "मी स्वतः येतो गावात."

*

भाऊंना मदतनीस कसा मिळाला, असं कुणी विचारलं की नाना सांगतात, निवेदनामुळं. मी सांगते, भांडणामुळं. खरं सांगायचं तर दोन्ही थापा. साहेब गावात आले त्याच दिवशी संध्याकाळी मदतनीस आला, वहिनी भिंतीवरून न येता बऱ्या होऊन दारातून आल्या, हे सगळं खरं. पण त्या दिवशी सकाळी जे झालं, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मी आणि नाना पास काढून गाडीनं गेलो होतो. नानांच्या मांडीवर पिशवी. मी म्हटलं, "यात काय आहे?"

"शाल आणि श्रीफळ. साहेब स्वतः येतायत, सत्कार नको का?"

"नाना, कशाचा सत्कार? अजून त्यांनी काही केलेलंच नाही!"

"पोरी, सत्कार आधी केला की माणूस नंतर करतो." मी उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत काढला.

भाऊंच्या अंगणात साहेबांची गाडी आली. मागून फोटोग्राफर. मागून शिपाई, त्याच्या दोन्ही हातांत किराण्याचं किट: तांदूळ, डाळ, तेल, साबण, असं चांगलं जड गाठोडं. भाऊ दारात उभे, खांद्यावरून उपरणं पुढं सोडलेलं. फोनवर, मेसेजमध्ये, ईमेलमध्ये, सगळीकडं आम्ही सांगून सांगून थकलो होतो की या माणसाला हात नाहीत. साहेबांनी वाचलं होतं फक्त 'दिव्यांग' एवढंच.

मी पुढं होऊन सांगायला लागले, "साहेब, मदतनिसाचं..." नानांनी माझा दंड धरला. "आधी फोटो होऊ दे."

साहेबांनी शिपायाकडून किट घेतलं, दोन्ही हातांनी पुढं केलं आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले. "घ्या."

भाऊही कॅमेऱ्याकडं बघून हसले.

"घ्या, घ्या. संकोच करू नका."

भाऊ नुसते हसून राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "काका, हात लावा की जरा!" किट जड होतं. साहेबांचे हात थरथरायला लागले, हसू मात्र तसंच. सरपंचांनी घाईघाईनं साहेबांच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं. साहेबांचं हसू गेलं. त्यांनी शिपायाकडं बघितलं, तर तो गाडीच्या पलीकडं जाऊन उभा. पॉझिटिव्ह बाईचं घर, गावातलंही कुणी पुढं येईना. नानांचे हात शाल-श्रीफळात अडकलेले, माझा कुबडीत.

साहेब तसेच, दोन्ही हात पुढं, किट सांभाळत. हळू आवाजात म्हणाले, "मग... मी हे देऊ कुणाकडं?"

भाऊ अगदी आदरानं म्हणाले, "धरून ठिवा साहेब. बायको येस्तोवर."