मुश्ताकभाईंच्या गोळ्या

मुश्ताकभाईंना फेरीबोटीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बोट दिघीच्या धक्क्याला लागायच्या आधीच ते पुढे येऊन उभे राहायचे. हात हलवत गाड्या आत घ्यायचे, टेम्पो मधोमध, मोटारसायकली कठड्याला. शेवटची गाडी चढली रे चढली की भराभर मागच्या बाजूच्या संडासाकडे. आगरदांडा येईपर्यंत पुन्हा एकदा. मी दिघीला शाळेत शिकवतो आणि रोज याच बोटीने येतो-जातो. मला वाटायचं, माणूसच असा, एका जागी न ठरणारा.

खरं कारण त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. दोन वर्षं त्यांना लघवीचा त्रास होता. लागली की दम धरवत नसे आणि गेलं की नीट होत नसे. कुणाकडे जेवायला बोलावणं आलं, तर त्या घरात संडास कुठल्या अंगाला आहे हे ते आधी आठवून बघत. जुम्म्याला मशिदीत शेवटच्या रांगेत, दाराजवळची जागा धरत. शेवटी त्यांची बायको आबिदा त्यांना अलिबागच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. प्रोस्टेटची ग्रंथी वाढली होती. भिण्यासारखं काही नव्हतं, पण रोज एक गोळी आणि ठरलेल्या मुदतीने रक्ताची तपासणी मागे लागली. घराबाहेर यातला एक शब्द जाणार नाही, असं त्यांनी आबिदाकडून कबूल करून घेतलं. चारचौघांत त्या जागेच्या दुखण्याचं नाव कसं घ्यायचं, हीच त्यांची अडचण.

हळूहळू त्रास कमी झाला. आणि आठ-नऊ महिन्यांनी, जिथे नुसती चकाकी होती त्या टाळूवर बारीक काळे केस दिसू लागले. आधी न्हाव्याला दिसले, मग सगळ्या बोटीला. कुणी म्हणालं दुबईचं तेल, कुणी म्हणालं भाभी कांद्याचा रस चोळत असणार. मुश्ताकभाई हसायचे आणि गाड्यांकडे वळायचे.

त्याच सुमारास त्यांचा भाचा फैझान कतारहून मोठ्या सुट्टीवर आला. वय सत्तावीस, पण कपाळ पार टाळूपर्यंत गेलेलं. ईदनंतर श्रीवर्धनच्या जुनेराशी त्याचा निकाह ठरला होता. दोघं व्हिडिओ कॉलवर बोलत, आणि हा बोलताना न चुकता टोपी घालून बसे. एकदा मामूंच्या कपाटात त्याला गोळ्यांची पट्टी दिसली. त्याने मोबाइलवर नाव टाकलं आणि मग त्याची झोपच उडाली. एक जण सांगत होता, प्रोस्टेटच्या औषधातून केसांचं नवं औषध तयार होतंय, दोन वर्षांत येणार. दुसरा म्हणत होता, ते कधीच तयार झालंय, कंपन्या दाबून बसल्यात. तिसरा म्हणत होता, वाट कशाला बघता, जुनं औषध दुकानात आहेच. आणि मामूंचं डोकं तर रोज डोळ्यांसमोर.

मामूंची औषधं आणायचं काम फैझानने आपणहून अंगावर घेतलं. भाचा किती जीव लावतो म्हणून मुश्ताकभाई खूश. फैझान त्यांच्याच चिठ्ठीवर जास्तीच्या पट्ट्या आणत होता. सुट्टी संपत चालली म्हणून रोज एकाच्या जागी दोन गोळ्या घेत होता. दिवसातून दहादा आरशासमोर जायचा, फोटो काढायचा, कालच्या फोटोशी ताडून बघायचा.

दोन महिने होत आले. एका दुपारी बोट धक्क्याला लागली, गाड्या उतरल्या, आणि फैझान मामूंच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मामू, निकाह पुढे ढकलता येईल?"

मुश्ताकभाईंना आधी वाटलं, मुलीकडून काही निघालं. पण फैझान अडखळत भलतंच सांगायला लागला. छाती दुखते, अंगात उत्साह नाही, आणि जुनेराशी बोलताना आधी जे वाटायचं ते काहीच वाटत नाही. मग गोळ्यांचंही सांगितलं.

"मला विचारायचंस तरी," मुश्ताकभाई म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे कुणाला सांगितलंत?"

दुसऱ्याच दिवशी मुश्ताकभाई त्याला घेऊन अलिबागला गेले. डॉक्टरांनी गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत पूर्ववत होतं म्हणाले, पण तारीख द्यायला तयार नव्हते. केसांसाठी हेच औषध कमी मात्रेत देतात, पण माणूस तपासून, असं त्यांनी समजावलं. नव्या औषधाचं विचारल्यावर म्हणाले, संशोधन चालू असतं, बाकी सगळे अंदाज. आणि घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला तिचा हातसुद्धा लागू देऊ नका, पोटातल्या बाळाला धोका असतो.

हे शेवटचं वाक्य फैझानने पुन्हा विचारून घेतलं. परतीच्या रस्त्यावर मुरूडजवळ त्याने सांगितलं, की टेम्पोवाल्या ऋत्विकला आणि आणखी दोघांना त्याने पट्ट्या दिल्या होत्या. ऋत्विकच्या बायकोला सहावा महिना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला मी होतो. बोट सुटली, पण मुश्ताकभाई मागे गेले नाहीत. ते सरळ ऋत्विकच्या टेम्पोपाशी आले. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती.

"माझ्या डोक्यावर तेलबिल काही नाही," ते म्हणाले. "मला प्रोस्टेटचा आजार आहे. लघवीचा. फैझानने तुम्हाला दिली ती माझी गोळी आहे. ज्याच्याकडे असेल त्याने मला परत द्यावी, आणि घरातल्या बायकांचा गोळीला हात लागू देऊ नका."

कुणीतरी मागे हसलं. ऋत्विक हसला नाही. त्याने टेम्पोच्या खणातून पट्टी काढून दिली, आणि घरी गोळी नेली नव्हती असं दोनदा सांगितलं. बाकीच्या दोघांच्या पट्ट्या संध्याकाळपर्यंत आल्या. पुढे महिनाभर पोरं मुश्ताकभाई दिसले की टाळूवरून हात फिरवायची. त्यांना ते लागायचं, तोंडावर दिसायचं.

फैझानने जुनेराला टोपी काढून सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. रागावली होती ती टकलावर नव्हे, गोळ्यांवर. तिसऱ्या दिवशी तिनेच निकाह दोन महिने पुढे न्यायला घरच्यांना राजी केलं. फैझानने सुट्टी वाढवून घेतली. निकाह झाला. आता बराच बरा आहे म्हणतो, तरी मोबाइलवर नवं काही आलंय का ते अजून बघतो, हे आबिदाभाभींनी मला सांगितलं.

गेल्या आठवड्यात मासळीच्या टोपल्या नेणारे म्हातारे भागोजी बोटीवर मुश्ताकभाईंच्या जवळ सरकले.

"त्यो डाक्टर कुठं बसतो?" त्यांनी हळूच विचारलं. "मलापन तसंच व्हतंय. चार वर्सं झाली."

मुश्ताकभाईंनी पत्ता सांगितला. मग म्हणाले, "बुधवारी मला रक्त तपासायला जायचंच आहे. बरोबर चला."