तळाशी ठेवलेले ताट

गाळणीत गाळ साठतो आणि गाळणीभोवती जमणाऱ्या माणसांत किस्से साठतात. गाळ पंधरा दिवसांनी काढून कर्दळीला घालता येतो. किश्श्यांची तशी सोय नसल्यामुळे ते लिहून काढण्यावाचून मला गत्यंतर उरलेले नाही. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पुढे जे जे अचंबित करणारे वाटेल, त्यावर पहिली शंका मीच घेतली होती, एवढे आधीच नमूद करते.

*

गारखेड्यात आमच्या शेजारी माधवकाका राहतात. त्यांची उभी हयात कालव्यांच्या कामावर गेली. निवृत्त झाल्यावर या अभियंत्याने परसात आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल असे तळे बांधले आणि त्यात अकरा मासे सोडले.

नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे ज्या शहरात पंचांगही सांगू शकत नाही, तिथे परसातले तळे म्हणजे जवळजवळ गुन्हाच! पाणी बदलायचे म्हणजे घरच्या टाकीवर डल्ला. त्यामुळे तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळून वापरणे भाग होते, आणि ते काही केल्या गाळले जात नव्हते. दोन महिन्यांत त्याची पालकाची पातळ भाजी झाली.

काकांच्या पत्नी सुमनकाकू काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "इथं माणसांना अर्ध्या बादलीत आंघोळ, अन् यांचे मासे पोहतात! दिसत तर एकही नाही. आहेत का गेलेत, देव जाणे!"

गणपती उठले त्या आठवड्यात त्यांनी स्वतःचे नाव कोरलेले स्टीलचे ताट तळ्याच्या तळाशी ठेवले आणि अट घातली. "अक्षय्य तृतीयेपर्यंत काठावर उभं राहून ताटावरचं नाव वाचता आलं पाहिजे. नाही आलं, तर मातीची ट्रॉली मागवून हा खड्डा बुजवणार. मासे ज्याला पाहिजेत त्यानं न्यावेत."

पाण्याची पारदर्शकता मोजण्याची याहून काटेकोर पद्धत मला प्रयोगशाळेतही सुचली नसती.

*

पंधराच दिवसांत काकांनी विजय जाहीर केला. आम्हाला काठावर बोलावले, चष्मा पुसला, वाकून पाण्यात पाहिले आणि खणखणीत आवाजात वाचले, "सौ. सुमन! अगदी स्पष्ट!"

मला पाण्यात फक्त पाणी दिसत होते, तेही हिरवे.

काकू शांतपणे पायरीवर बसल्या. बाही वर सारून त्यांनी ताट बाहेर काढले, पदराने पुसले आणि काकांच्या हातात दिले. ताट माझे होते! आदल्या संध्याकाळी काकूंनी ते माझ्याकडून "जरा लागतंय" म्हणून नेले होते. त्यावर माझ्या आईने हौसेने कोरून घेतलेले नाव आहे: "कु. वसुधा, एम.एस्सी."

काका बराच वेळ ते ताट वाचत राहिले. मग म्हणाले, "डिग्री बरोबर आहे."

*

काकूंचे ताट पुन्हा तळाशी गेले आणि काकांनी गाळणी स्वतः बांधायला घेतली. तीन निळे पिंप, सात पानांचे नकाशे, आणि विहिरीवर शोभेल असा पंप. पहिल्या पिंपात गाळ बसेल, दुसऱ्यात स्पंज, तिसऱ्यात खडे. संकल्पना निर्दोष होती. बटण दाबल्याबरोबर पाणी तिन्ही पिंपांतून असे सुसाटले, की गाळ बसायला वेळच मिळाला नाही आणि अकराही मासे एका कोपऱ्यात दाबले गेले.

शहागंजात सलीमभाईंचे मासे आणि पंपांचे दुकान आहे. त्यांना आम्ही घरी आणले. त्यांनी पंपाला एक प्रदक्षिणा घातली.

"साब, मछल्यां पालना है के पाट चलाना है?"

काकांनी नकाशा उलगडला. सलीमभाईंनी तो आदराने पाहिला, घडी घालून परत दिला आणि सोबत आणलेला मुठीएवढा पंप लावला. पाणी आता पिंपात चढताना दिसतही नव्हते. "पानी को जल्दी नको कराओ. बैठने देव. मैल खुद उतरता."

काकांनी हयातभर पाण्याला वेग दिला होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि ती संथ धार ते तासभर पाहत बसले. ज्या माणसाचे सात पानी नकाशे एका वाक्यात बाद झाले, त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी प्रथमच पाहिला.

*

दिवाळीची साफसफाई निघाली. काकूंनी डबे घासले, जाळ्या घासल्या, पंखे पुसले, आणि मग त्यांची नजर तिसऱ्या पिंपाकडे गेली. खडे बुळबुळीत होते! त्यांनी प्रत्येक खडा साबणाने घासला, नळाच्या पाण्याने धुतला आणि गच्चीवर वाळत घातला. त्यांनी मला विचारले होते. मीही "माध्यम स्वच्छ, तर पाणी स्वच्छ" असे उत्तर दिले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठवडाभरात पाणी तांदळाच्या धुवणासारखे झाले. मासे वर येऊन तोंडे उघडू लागले.

सलीमभाईंनी एक खडा उचलून नाकाशी नेला. "ये कौन धोया?"

"मी," काकू अभिमानाने म्हणाल्या. "साबणानं. तीनदा!"

सलीमभाईंनी हात जोडले. "भाभी, तुम तो पूरा मोहल्ला उजाड दिये!"

खड्यावरचा बुळबुळीतपणा म्हणजे मळ नव्हे, जिवंत वस्ती असते. माशांच्या घाणीतून पाण्यात विष उतरते. ही वस्ती त्याचे रूप पालटून ते सौम्य करते. साबण आणि नळाचे औषध टाकलेले पाणी तिला मारतात. खडे धुवायचेच झाले, तर तळ्याच्याच पाण्यात नुसते हलवून घ्यावेत. आणि गाळणीतून पाणी वाहायचे थांबले, तर काही तासांत ती वस्ती गुदमरते. हे सगळे सलीमभाईंनी उकिडवे बसून, त्या खड्याकडे बोट दाखवून सांगितले. नत्राचे हे चक्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर बाणांनी काढत आले आहे. ते शेजारच्या पिंपात फिरते आहे, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

मग त्यांनी दुकानातल्या टाकीतला एक काळाकुट्ट स्पंज पिशवीतून काढला आणि खड्यांमध्ये ठेवला.

"विरजण!" काकू ओरडल्या. "अहो, मग तसं आधीच सांगायचं ना!"

जे समजावायला मला पाऊण तासाचे व्याख्यान लागते, ते काकूंना एका शब्दात कळले. पुढे कॉलनीत आणखी दोन तळी झाली, तेव्हा त्यांना विरजण याच परसातून गेले, आणि देताना प्रत्येकीला बजावले गेले, "घासायचं नाही बरं का!"

*

थंडीत पाणी निवळले, पण त्यात बारीक धूळ तरंगत राहिली. ताटावरचे "सौ." वाचता येई, त्यापुढे धुके. काकांनी तेवढ्यावर सूट मागितली.

"सौ. काय, गल्लीत घरोघरी आहेत!" काकू म्हणाल्या. "पुढचं वाचा."

आमच्याकडे बागकामाला येणारे बिरूभाऊ खुलताबादकडचे. गावी त्यांच्या घरची मेंढरे आहेत. ते म्हणाले, "बाई, जुनं घोंगडं लावा की वरच्या पिपात. पाऊस अडिवतंय ते, तिथं ह्या धुळीची काय बिशाद!"

मी शंका घेतली. लोकरीत मेण असते, ती कुजते, तिचा रंग उतरतो. बिरूभाऊंनी शांतपणे उत्तर दिले, "नवं नगं म्हनलं. जुनं. माज्या आज्ज्यानं तीस पावसाळं धुतल्यालं."

मी दोन बादल्या घेतल्या. एकीतले पाणी स्पंजातून गाळले, दुसरीतले घोंगडीच्या तुकड्यातून. दुसरीच्या तळाचा शिक्का वाचता आला, पहिलीच्या नाही.

"एका प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही," मी म्हणाले.

"मग धा येळा करा," बिरूभाऊ म्हणाले. "पानी काय, तेच हाय."

मी दहा वेळा केले. दहाही वेळा घोंगडी जिंकली! दर आठवड्याला तुकडा बदलावा लागे, एवढीच अडचण. मार्चअखेर "सु" वाचता आला. एप्रिलच्या मध्यावर बिरूभाऊंची घोंगडी संपली.

*

अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर आली. "मन" काही दिसेना. काकूंनी मातीची ट्रॉली सांगून ठेवली; सणाला गाडी मिळणार नव्हती, म्हणून माती आधीच येऊन पडायची होती. काका सकाळीच बिरूभाऊंना घेऊन आणखी एक जुनी घोंगडी मिळते का ते पाहायला खुलताबादकडे निघून गेले.

नऊच्या सुमारास आमच्या गल्लीचा डीपी जळाला. वीज संध्याकाळशिवाय येणार नव्हती, आणि ऊन एप्रिलचे. दुपारी एकला मी महाविद्यालयातून परतले, तेव्हा कुंपणापलीकडून थेंब पडल्यासारखा एकसारखा आवाज येत होता.

काकू तळ्याच्या पायरीवर उभ्या होत्या. पदर खोचलेला, पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेले. तळ्यातून एक तांब्या भरायचा, पहिल्या पिंपात बारीक धारेने सोडायचा, पुन्हा वाकायचे. तिसऱ्या पिंपातून पाणी तळ्यात परत पडत होते. मासे धार पडते तिथे गोळा झाले होते.

"काकू, केव्हापासून?"

"पंप थांबला तेव्हापासून."

"चार तास? अहो, निदान बादली तरी घ्यायची!"

"बादलीनं भसकन पडतं. पाण्याला घाई करायची नसते." त्यांनी मला बाजूला सारले. "सावलीत उभी राहा. नाहीतर घरून तांब्या घेऊन ये."

मी तांब्या घेऊन आले. माझी पहिलीच धार जाड पडली म्हणून मी बोलणी खाल्ली. अर्धा तास आम्ही दोघी पाणी उपसत राहिलो. मी पंधराव्या मिनिटाला हात बदलला. काकूंनी नाही.

तेवढ्यात फाटकापाशी ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत काठोकाठ लाल माती. चालकाने खाली उडी मारली आणि परसात डोकावून हाक दिली, "काकू, माती आनली जी! कुठं वतू?"

काकूंनी मान वर केली नाही.

"आधी ते इंजिन बंद कर. चपला काढ अन् इकडं ये. हा तांब्या धर."