काकूंच्या फ्रीजमधलं लोणी

"लोण्याला फ्रीज कशाला लागतो? पाणी बदलायला हात नाय काय तुला?" लग्नानंतर तारापूरच्या वसाहतीत निघाले, तेव्हा लोण्याचा डबा हातात देताना आई म्हणाली. शिरगावला आमच्याकडे लोण्याचा गोळा पाण्यात सोडून माठाशेजारी ठेवलेला असायचा. सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं की वास म्हणून यायचा नाही.

पण आईच्या डोक्यावर कौलं होती आणि मागे वाडी. माझ्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब! एप्रिलात पाणी कितीही बदललं तरी दुपारपर्यंत कोमट. गोळा पातळ होऊन पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी आंबूस लागायचा.

लोण्याचं एक वेळ जाऊ दे. मला बोलायची भारी हौस, आणि तिथे बोलायला माणूस नव्हतं. हे पाळीवर तरी असायचे नाहीतर झोपलेले तरी. ते झोपले की मी बांगड्यासुद्धा वाजू द्यायची नाही. काही दिवस तर भाजीवाल्याशी बोलले तेवढंच.

शेजारच्या काकूंकडे फ्रीज होता. मुलं पुण्याला शिकायला आणि काकाही पाळीवर, त्यामुळे बाई घरात एकटीच. कडक शाकाहारी. अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी नाक मुरडायच्या. शेवटी एकदा धीर करून लोण्याची वाटी घेऊन गेले, तर त्यांनी आधी वाटीच हुंगली.

"माशाचा हात नाही ना लागला?"

असा राग आला मला! "साबणाने धुतलेत हो हात," मी म्हटलं. ठेवून घेतली त्यांनी, पण वेगळ्या कप्प्यात, वर झाकण घालून.

मग रोज सकाळी मी लोणी आणायला जायची. चार दिवसांचं एकदम आणता आलं असतं, पण मी एका पोळीपुरतंच आणायची. काकू म्हणायच्या, "बस गं, चहा टाकते." चहा संपेपर्यंत पाण्याच्या वेळेपासून नवऱ्यांच्या घोरण्यापर्यंत सगळ्याच्या नावाने आम्ही खडे फोडायचो. घरी परतले की दिवसभर तेच आठवत बसायची.

त्या दिवाळीत ह्यांनी बोईसरहून टेम्पोत घालून फ्रीज आणला. ह्यांना कोण आनंद! मी फ्रीजला हळदकुंकू लावलं आणि मला रडूच फुटलं. ह्यांना वाटलं, बायकोला हर्ष झाला. कपाळ माझं! उद्यापासून काकूंकडे कशाला जाणार होते मी?

कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. आता फ्रीजमध्ये बर्फ होता, पापलेट होती, बोंबील होते. लोणी दगडासारखं घट्ट राहायचं आणि पोळीवर फासताना पोळी फाटायची. काकूही फिरकल्या नाहीत. मनात आलं, सुटल्या बिचाऱ्या माशाच्या हातातून. फार एकटं वाटायचं. सकाळचा चहा मी उभ्यानेच पिऊन टाकायची.

आणि एका दुपारी बेल वाजली. दारात काकू, हातात स्टीलची वाटी.

"आमचा फ्रीज बिघडलाय मेला. एवढं लोणी ठेवतेस?"

"काकू, आत पापलेट आहेत. बोंबीलसुद्धा आहेत."

काकूंचा पदर नाकापर्यंत गेला. मग त्यांनीच तो खाली घेतला.

"असू देत. वरच्या कप्प्यात ठेव, झाकून. सकाळी येऊन नेईन थोडं थोडं."

मी न सांगताच त्या आत येऊन बसल्या. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. तिच्यापलीकडे त्यांचा फ्रीज नेहमीसारखा घुरघुरत होता. मलाही ऐकू येत होता, त्यांनाही.

मी चहाचं आधण ठेवलं.