श्वास रोखून

वडगावात कचेरीसमोरच्या टपरीत तो मोबाईलला, हातात धरून खेळायच्या गेमच्या यंत्रांना पडद्यावरची पारदर्शक फिल्म लावतो. लावताना श्वास रोखतो; गिऱ्हाईक बोललं तर डोळ्यांनीच दटावतो. माझं गेमचं यंत्र परत देताना हमखास म्हणतो, "नखं कापा. कडा उचलत्यात."

परवा फिल्म टेकवतानाच त्याला खोकल्याची उबळ आली आणि फिल्मखाली धुळीचा कण अडकला. दुसरीही तशीच वाया गेली. तिसरी त्यानं माझ्या हातात दिली.

"श्वास रोखवत न्हाई आता. तुमीच लावा, मी सांगतो."

मी श्वास रोखला. टपरीत त्याच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती. माझ्या हातून फिल्म नीट बसू नये, असं मला फार वाटत होतं. ती स्वच्छ बसली.

"जमलं की तुमाला," तो म्हणाला, आणि मागं दोन गिऱ्हाइकं उभी असताना त्यानं पडदे पुसायचं फडकं डब्यात ठेवून झाकण लावलं.