पाहुण्यांची चार मिनिटं

आज शारजातल्या अल मजाजच्या घरी बाबांचं कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाने माझं डोकंच फिरलं. मराठी मंडळाच्या सत्काराच्या शाली याच कपाटात असायच्या. त्यातलीच एक बाबांनी त्या बाईंच्या खांद्यावर घातली होती.

त्या बाई आधी खगोलशास्त्रज्ञ होत्या, मग स्पेस शटलमधून अंतराळात जाऊन आल्या. शारजात आमच्या मंडळात त्या आल्या तेव्हा मी तेरा वर्षांची होते. ‘दुर्बिणीतून दिसत होतं, तरी वर जावंसं का वाटलं?’ हा प्रश्न मी आठवडाभर घोकला होता.

पण अध्यक्ष बाबा! दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रायोजकांचे सत्कार आणि त्यावर बाबांचं पाऊण तासाचं भाषण. पाहुण्यांच्या वाट्याला चार मिनिटं आली. मी हात वर केला, तर बाबा माइकवरून म्हणाले, “खलास! यल्ला, चला, जेवण थंड होतंय.”

बाई माझ्या वर राहिलेल्या हाताकडे बघत खाली उतरल्या. तेव्हा मला त्या हाताची लाज वाटली होती. आता बाबांची वाटते.

उद्या त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आहे. “माझ्याविषयी तू सविस्तर बोल हं,” ते म्हणाले.

“बोलेन ना,” मी म्हटलं. “चार मिनिटं.”