यावची धावती भेट

याव बेर्चीनं धावत्या भेटीचा बेत सांगितला तेव्हा त्याची बायको आबेना कच्ची केळी सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"क्रोबोंसोला जाऊन सांजच्याला परत?" ती म्हणाली. "तुमच्या गावात नुसती खुशाली विचारून होईस्तोवर नेसलेलं फाटतं."

"म्हणून तर पहाटे जायचं. गाव उठायच्या आत आईला गाडीत घालायचं."

याव राजधानीत, आक्रात, फ्रिज दुरुस्त करायचा. पाहुण्याच्या हातातलं पाणी संपायच्या आत आपण गॅस भरून मोकळे होतो, ही त्याची शेखी. फ्रिजच्या बाबतीत ती खरीही होती. आईच्या बाबतीत मात्र त्याचं घोडं दोन वर्षं पेंड खात होतं.

आई, म्हणजे मामे फोसुआ. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कोंबडी समजून दगडाला दाणे टाकण्यापर्यंत पाळी आली होती. बाहेरदेशचा एक डॉक्टर वर्षातून एकदा आक्रात येई, आठवडाभर डोळे कापी आणि जाई. त्याची दोन वर्षं हुकली होती. हुकली ती म्हातारी भीत होती म्हणून नव्हे. शरीराला सुरी लावायला जायचं तर घरोघरी निरोप घ्यायला नको? आणि क्रोबोंसोत निरोप म्हणजे नमनालाच घडाभर तेल. आधी बसायचं, मग पाणी, मग "काय काम काढलंस", मग कामाची हकिकत, मग त्यावर घरातल्या थोराचं बोलणं. निम्मं गाव होईपर्यंत डॉक्टर विमानात बसलेला. यंदा वेळ मिळाली होती सोमवारची. हीही हुकली, तर पुढच्या वर्षी कापायला डोळे उरणार नाहीत, असं आक्रातल्या नर्सनं तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून रविवारी भल्या पहाटे सलिफूची टॅक्सी क्रोबोंसोच्या वेशीत शिरली. आदल्या दिवशी कुणाच्या तरी मयताला घातलेला काळा सदरा तेवढा इस्त्रीचा होता, तोच यावनं घाईत अंगावर चढवला होता.

आई अंगण झाडत होती. पावलावरून तिनं लेकाला ओळखलं. झाडू टाकला, चाचपडत बाकडं पुढं केलं, पाण्याचा पेला आणला.

"पाणी नको आई. बसत नाही. लुगडी घे, गाडी उभी आहे."

म्हातारीचा हात हवेतच थांबला. "कोन गेलं रं?"

"कुणी नाही गेलं. चल आधी, वाटेत सांगतो."

झालं. क्रोबोंसोत मरणाची बातमी पहाटेच येते. ती आणणारा पाणी पीत नाही, आणि 'कुणी नाही, वाटेत सांगतो' हेच म्हणतो. मामे फोसुआ लेकाच्या अगदी जवळ गेली, डोळे बारीक केले. बाकी काही दिसलं नाही, सदरा काळा आहे एवढं दिसलं. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि असा टाहो फोडला की परसातल्या शेळ्या दावं तोडून पळाल्या.

रडं घरोघर पोचलं. शेजारची येबोआ कुणासाठी ते न विचारताच गळा काढत आली. तिच्यामागं बाया, बायांमागं बाप्ये. एकानं ढोल आणायला माणूस धाडलासुद्धा. आईची धाकटी बहीण, सेर्वा मावशी, तिनं आक्रातल्या आपल्या पोराला फोन लावून आधी तो जिता आहे का ते विचारलं. झोपमोड झाल्यावर तो जे बोलला त्यावरून जिता असल्याची तिची खात्री पटली. तरी ती रडायची थांबली नाही. आलोच आहोत तर, म्हणून.

"अहो, कुणी मेलं नाही," याव गर्दीत ओरडत होता.

"आसंच म्हंत्यात," येबोआ त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "धीर धर बाबा."

शेवटी आडुसेई मामा आला. आईचा थोरला भाऊ, म्हणजे तिथल्या रीतीनं घराण्याचा कर्ता. खांद्यावरचं वस्त्र सावरत त्यानं काठी आपटली.

"गप ऱ्हावा समदी. याला बसवा. पानी द्या."

याव बसला. पाणी प्याला. मग उठून उजव्या हातापासून सुरुवात करत अंगणातल्या प्रत्येकाच्या हातात हात दिला.

"आता बोल. इथं समदं खुशाल हाय. तू काय काम काढलंस?"

"मीही वाईट काही आणलेलं नाही, मामा," याव म्हणाला. हे वाक्य पहिल्या घोटाबरोबर निघालं असतं तर शेळ्या दाव्याला असत्या. मग त्यानं डोळ्यांचं सांगितलं.

मामानं काठी मांडीवर आडवी घेतली.

"कुनी मेल्याबिगर गावाला रडिवलंस तू. सांडल्यालं रडं माघारी घ्याया मेंढरू कापावं लागंल. बुधवारी कापू. तवर तू गाव सोडायचं न्हाई."

"मामा, उद्या आईचे डोळे—"

"डोळं तिचं. रडं तुझं."

तेवढ्यात मामे फोसुआनं नाक पुसलं. "दादा, समदं गाव अंगनात हाय न्हवं? मग हितंच निरोप घेती मी. दारोदार कशाला हिंडू?"

दोन वर्षं जे झालं नव्हतं ते सकाळची लापशी शिजायच्या आत झालं. यावच्या जिवात जीव आला. मग गाडी भरायला लागली. पुढं मामा, कारण डॉक्टरचं म्हणणं घराण्याच्या वतीनं कर्त्यानं ऐकायला हवं. मागं आई. तिचा हात धरायला सेर्वा मावशी. आणि येबोआ, कारण शेजाऱ्यांत पहिलं रडं तिचं, तिला गाडीतून उतरवून रिकाम्या हाती घरी कशी पाठवायची? सलिफूनं काच खाली करून यावला विचारलं, "मालक, तुम्हाला टपावर घेऊ का?"

याव मागंच राहिला. बुधवारी मामाच्या माघारी गावातल्या थोरांसमोर त्यानं मेंढरू कापलं. गुरुवारी आईचा फोन आला.

"दिसतंय रं. आबेनाचं तोंड बघितलं. बरी हाय की, तू उगं रोडावली सांगायचास."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"आल्या आल्या डोळ्यालाच हात घालाया लागला, ना रामराम ना खुशाली. म्या म्हनलं, बस आधी. पानी पाजलं त्याला. मग इचारलं, काय काम काढलंस?"

"बरं, येतेस कधी?"

"आता कसं? आक्रात आपल्या गावची घरं किती हायती. दादा म्हंतोय, आलोच हाय तर समद्यांस्नी भेटून जाऊ. महिना तरी लागंल. कोंबड्यांस्नी दानं टाक. दगडाला नगं."

याव आईच्या दारात बसून राहिला. गावात फ्रिज एकच, सरदाराच्या घरी, आणि तो नेमका ठणठणीत चालत होता. तिन्हीसांजेला एक म्हातारा रस्त्यानं चालला होता. तो थांबून हसला.

"काय याव, धावती भेट न्हवं तुझी? कवा निघालास?"

यावनं बाकडं पुढं सरकवलं.

"या, बसा," तो म्हणाला. "पाणी घ्या आधी."