पांढरा कागद, तीन दिवस

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. गावाकडे कोणाच्या अंगात आलं की मी पाणी भरायला निघून जायचे. शाळा चौथीपर्यंतच, पण डोकं ठिकाणावर आहे... हे वहीत लिहितेय, कारण घरात कोणी ऐकून घेत नाही.

इथे लंडनमध्ये, एजवेअरला, आमच्या मागच्या रस्त्यावर हारुकोबाई राहतात. जपानी, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. मी सकाळी त्यांचं घर आवरते. हॉलमध्ये उंच फळीवर लाकडाचं छोटं देऊळ आहे, त्यात मूर्ती नाही. त्यांचा शिंतो धर्म – डोंगर, झाड, पाणी, सगळ्यात देव. आधी हात-तोंड धुवायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा वाकायचं. तांदूळ, मीठ, पाणी मी स्टुलावर चढून बदलते.

मागच्या महिन्यात मंगळवारी देवळाच्या दारावर पांढरा कागद चिकटवलेला.

"बाई, हा कोणी लावला?"

"तू नाही? घरात कोणी गेलं की आम्ही असा देव झाकतो. पन्नास दिवस."

म्हणजे आपलं सुतकच.

"पण इथे जाण्यासारखी मीच उरलेय," म्हणून त्या हसल्या.

मी कागद काढला. बुधवारी परत. काढला. गुरुवारी परत.

"तुझ्याकडे सगळे ठीक आहेत ना?" बाईंनी हळूच विचारलं.

मी चिडलेच. ठीक आहेत म्हटलं आणि कागद काढला. शुक्रवारी नव्हता.

रविवारी मुलगा म्हणाला, "आई, खाली बस. साताऱ्याची आजी गेली. मंगळवारी पहाटे."

माझी आई.

"आणि आज सांगतोस?"

"मामा म्हणाला तुझं बीपी वाढेल. तशीही तू वेळेत पोचली नसतीस."

लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी देवापुढे दिवा लावला, शेजारच्या बारशात पेढे खाल्ले, पाळणाही म्हटला.

मुलाला कागदाचं सांगितलं. "बाईच लावून विसरल्या असतील." अरे, त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही... स्टूल मी गॅरेजमध्ये ठेवून येते. भावाला फोन केला तर म्हणाला, "ताई, रडून घे, बरं वाटेल."

कागद कोणी लावला ते मला अजून कळलेलं नाही, बाईंनाही नाही. पण तीन दिवस मला कोणीतरी सांगत होतं, आणि मी रोज स्टुलावर चढून ते फाडून कचऱ्यात टाकत होते.